एकाच छपराखालच्या चित्रकथा : हेलिओस्कोपचे अलीकडचे काम आणि सामाईक स्टुडिओचा प्रश्न

टाकदौत (धागाकर्ता)

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात, हेलिओस्कोप नावाचा चित्रकथाकारांचा सामाईक स्टुडिओ आहे. २००२ साली तो मर्क्युरी स्टुडिओ या नावाने सुरू झाला, २००७ मध्ये त्याचे पेरिस्कोप झाले आणि पुढे त्याने आजचे नाव घेतले. वीसहून अधिक लेखक आणि चित्रकार तेथे एका वेळी काम करत आलेले आहेत, पण त्यांच्यापैकी कोणीही स्टुडिओचा नोकर नाही. करार ज्याचा त्याचा, प्रकाशक वेगळा, मानधन ज्याचे त्याच्याकडे. वाटून घेतली जाते ती जागा, आणि जागेबरोबर आपोआप येणारी शेजाऱ्याची नजर. पोर्टलंडमध्येच हे का रुजले असावे, याचे एक कारण उघड आहे. डार्क हॉर्स हे प्रकाशनगृह १९८६ पासून शेजारच्या मिलवॉकी गावात आहे, ओनी प्रेस पोर्टलंडचेच, आणि इमेज कॉमिक्सनेही २०१७ मध्ये आपले कार्यालय तेथे हलवले. जेथे प्रकाशक आहेत तेथे चित्रकार राहायला येतात, आणि जेथे चित्रकार पुरेसे आहेत तेथे भाडे वाटून घेणारे सोबती मिळतात.

गेली काही वर्षे मी या मंडळींची पुस्तके ठरवून, एकापाठोपाठ एक वाचत आहे. स्टीव्ह लीबर यांनी मॅट फ्रॅक्शन यांच्या लेखनावर चितारलेली जिमी ओल्सनची, म्हणजे सुपरमॅनच्या वार्ताहर-मित्राची, बारा अंकांची मालिका २०१९-२० मध्ये आली आणि तिला २०२१ चा आयझनर हा अमेरिकी चित्रकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच २०१९ साली डिलन मेकॉनिस यांची ‘क्वीन ऑफ द सी’ आली. एका बेटावरच्या मठात वाढणारी अनाथ मुलगी आणि तेथे हद्दपार होऊन आलेली राणी यांची ही कथा किशोरांसाठी असली, तरी मोठ्यांनीही सावकाश वाचावी अशी आहे. कॉलीन कूव्हर आणि पॉल टोबिन या दांपत्याची ‘बँडेट’ ही हसतमुख चोरट्या मुलीची कथा २०१२ मध्ये प्रथम डिजिटल स्वरूपात प्रसिद्ध झाली, नंतर कागदावर आली. रॉन रँडल तर १९८७ मध्ये सुरू केलेल्या ‘ट्रेकर’ या आपल्या मालिकेकडे मधल्या मोठ्या खंडानंतर परतले आणि तीच नायिका पुन्हा रेखाटू लागले.

ही चार नावे मुद्दाम शेजारीशेजारी ठेवली आहेत, कारण त्यांच्या रेषेत काहीही साम्य नाही. लीबर यांची शाई खरखरीत, पोताने भरलेली. १९९८ मध्ये ग्रेग रका यांच्यासोबत केलेल्या ‘व्हाइटआउट’मध्ये त्यांनी अंटार्क्टिकाचे वादळ केवळ काळ्या-पांढऱ्यात उभे केले होते. कूव्हर यांची रेषा गोलाईची, हलकी, जणू ब्रशने एका दमात ओढलेली. मेकॉनिस यांची पाने हस्तलिखिताकडे झुकतात. मग एवढी वेगळी माणसे एका खोलीत बसून काय मिळवतात? माझे मत असे आहे की सामाईक स्टुडिओची खूण शैलीत शोधू नये. ती पानाच्या सुबोधपणात शोधावी. या सर्वांच्या पुस्तकांत कोण कोठे उभे आहे, संवादाचा कोणता फुगा आधी वाचायचा, दार उघडले की बंद झाले, याबद्दल वाचकाला क्वचितच अडखळावे लागते, आणि संपादकाकडे जाण्यापूर्वी ते पान दुसऱ्या कोणी तरी पाहिलेले आहे असे सतत जाणवत राहते.

दुसरी खूण सहकार्याची. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटमॅन ’६६’चे लेखक जेफ पार्कर आणि पहिल्या अंकाचे चित्रकार जोनाथन केस हे दोघेही त्याच स्टुडिओतले. पार्कर आणि लीबर यांची ‘अंडरग्राउंड’ ही गुहेतल्या पाठलागाची कथा २००९ मध्ये आली, तीही अशाच शेजारातून. या पुस्तकाबद्दल पुढे सविस्तर लिहीन. आधी आपली मते वाचायची आहेत : खोली सामाईक असल्याचा परिणाम खरोखर पानावर उमटतो का?

कोरा कागद

धाग्याबद्दल आभार. विषय पुढे नेण्यापूर्वी एक भेद नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण ‘कॉमिक्सचा स्टुडिओ’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न व्यवस्था नांदल्या आहेत.

१९३६ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विल आयझनर आणि जेरी आयगर यांनी काढलेला स्टुडिओ हा कारखाना होता. एकाने कच्चे रेखाटन करायचे, दुसऱ्याने पार्श्वभूमी भरायची, तिसऱ्याने शाई, चौथ्याने अक्षरे, आणि तयार माल प्रकाशकाला विकायचा. जॅक कर्बी आणि लू फाइन यांच्यासारखे चित्रकार तेथे काम करून गेले, म्हणजे गुणवत्तेची वाण नव्हती. पण काम चित्रकाराच्या मालकीचे राहत नसे आणि अनेकदा नावही वेगळेच छापले जाई. बेल्जियममध्ये १९५० साली स्थापन झालेला, ‘टिनटिन’कार एर्जे यांचा स्टुडिओ एर्जे हा त्याहून सुसंस्कृत प्रकार म्हणता येईल. बॉब द मूर यांच्यासारखे समर्थ चित्रकार तेथे होते, तरी सगळी रेषा एकाच माणसाच्या शैलीत विरघळवायची होती आणि मुखपृष्ठावर नाव एकच येणार होते.

आपण ज्याबद्दल बोलत आहात तो प्रकार पुढे, साधारण १९७० च्या दशकात, अमेरिकेत ठळक होतो. १९७५ ते १९७९ या काळात मॅनहॅटनच्या चेल्सी भागातील एका मोठ्या दालनात बॅरी विंडसर-स्मिथ, जेफ्री जोन्स, मायकेल कलुटा आणि बर्नी राइटसन हे चौघे एकत्र काम करत होते. त्या जागेला ते नुसतेच ‘द स्टुडिओ’ म्हणत. त्याच दशकाच्या अखेरीस हॉवर्ड चेकिन, वॉल्टर सायमनसन आणि आणखी काही जणांनी ‘अपस्टार्ट असोसिएट्स’ उभी केली, जेथे पुढे फ्रँक मिलरही आले. १९८३ मध्ये एकीकडे चेकिन यांची ‘अमेरिकन फ्लॅग’ आली आणि दुसरीकडे सायमनसन यांनी ‘थॉर’ हाती घेतला. एक मालिका जाहिराती आणि फलकांनी गजबजलेल्या शहराची, दुसरी देवदैत्यांची; तरीही दोन्हींत अक्षरांना चित्राचाच भाग मानण्याची ओढ आहे, आणि ती मला योगायोग वाटत नाही.

म्हणून आपल्या मताशी मी अर्धा सहमत आहे. शैली एक होत नाही हे खरे, पण आवडी एकमेकांत झिरपतात.

अर्धी चौकट

मला येथे तोकिवा-सोची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तो स्टुडिओ नव्हता, राहण्याची इमारत होती, परंतु सामाईक जागेचा कामावर काय परिणाम होतो हे पाहायचे असेल तर त्याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

टोकियोच्या तोशिमा विभागात १९५२ साली बांधलेली ही दुमजली लाकडी इमारत. खोल्या साडेचार तातामींच्या (तातामी म्हणजे जमिनीवरची ठराविक मापाची चटई), म्हणजे एक माणूस, एक बुटके मेज आणि कागदांचा ढीग एवढेच मावेल अशा. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह सामाईक. मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, चित्रकार तेथे राहत. ओसामू तेझुका तेथे प्रथम आले आणि १९५४ मध्ये त्यांनी खोली सोडली तेव्हा ती फुजिको फुजिओ या जोडनावाने लिहिणाऱ्या हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको या दोघा मित्रांना मिळाली. पुढे शोतारो इशिनोमोरी आले, फुजियो आकात्सुका आले, आणि या सगळ्यांत वडीलधाऱ्याची भूमिका हिरो तेरादा यांनी निभावली. तरुण चित्रकारांचे भाडे थकले की ते स्वतःच्या खिशातून पैसे देत.

जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती १९५८ सालची आहे. हिदेको मिझुनो ही तरुण चित्रकर्ती त्या वर्षी काही महिने तेथे राहिली, आणि तिने, इशिनोमोरी यांनी आणि आकात्सुका यांनी मिळून यू. माया या एका टोपणनावाने कथा रचल्या. तिघांपैकी प्रत्येकाने पुढे स्वतःची स्वतंत्र वाट निर्माण केली : इशिनोमोरी विज्ञानकथेकडे, आकात्सुका विनोदाकडे, मिझुनो मुलींसाठीच्या मांगाच्या पहिल्या मोठ्या चित्रकर्तींपैकी एक म्हणून. म्हणजे एकत्र काम केल्याने त्यांचे वेगळेपण पुसले गेले नाही. उलट स्वतःचा हात कोणता हे दुसऱ्याच्या हाताशेजारी बसल्यावरच कळते, असे मला त्यांच्या पुढच्या प्रवासावरून वाटते.

ती इमारत १९८२ मध्ये पाडली गेली. २०२० मध्ये तिची प्रतिकृती उभारून संग्रहालय सुरू झाले आहे, आणि त्यात सामाईक स्वयंपाकघरही पुन्हा उभे केले आहे. मला हे फार योग्य वाटते, कारण बोलणे तेथेच होत असणार.

टाकदौत

कोरा कागद यांनी केलेला भेद मी मूळ लेखातच करायला हवा होता. आवडी झिरपण्याचा मुद्दाही मान्य आहे. ज्यांनी प्रत्यक्ष अशा जागेत काम केले आहे असे कोणी वाचत असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे. मी केवळ वाचक आहे आणि पानावरून खोलीचा अंदाज बांधतो आहे.

शाईचा हात

मी सहा वर्षे अशा एका जागेत काम केले आहे. आम्ही पाच जण होतो. दोघे पेन्सिल आणि शाई दोन्ही करणारे, एक रंगकार, एक अक्षरलेखिका, आणि मी शाईकाम, म्हणजे पेन्सिलीच्या रेखाटनावर शाई, करणारी. जागेचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात काही कटू भागही आहे.

प्रथम कामाचे स्वरूप सांगते. मासिक अंक म्हणजे साधारण वीस ते बावीस पाने. एकटा चित्रकार पेन्सिल आणि शाई दोन्ही करत असेल तर दिवसाला एक पान पुरे करावे लागते, तेव्हा कोठे महिना जुळतो. अकरा बाय सतरा इंचांचा कागद समोर असतो, आणि त्या कागदावर तुम्ही आठ-दहा तास वाकलेले असता. तिसऱ्या तासानंतर आपले चित्र आपल्याला दिसेनासे होते. नायकाचा हात उलट्या बाजूला अंगठा घेऊन बसलेला असतो आणि तो तुम्ही चार वेळा पाहूनही तुमच्या लक्षात येत नाही. शेजारून जाणाऱ्या माणसाला तो एका क्षणात दिसतो. आपण ज्याला सुबोधपणा म्हणता त्याचा मोठा भाग या एका क्षणाचा आहे.

आमच्याकडे न लिहिलेला एक नियम होता. दुसऱ्याच्या पानावर आपणहून मत द्यायचे नाही. विचारले तरच बोलायचे, आणि बोलताना ‘हे चुकले’ असे न म्हणता ‘मला असे वाचता आले’ एवढेच सांगायचे. ‘मला वाटले ती खोलीतून बाहेर चालली आहे’ असे कोणी सांगितले आणि तुमच्या कथेत ती आत येत असेल, तर पुढचे तुम्हाला आपोआप समजते. या नियमाशिवाय पाच चित्रकार एका खोलीत महिनाभरही टिकणार नाहीत असे माझे ठाम मत आहे.

दुसरा उपयोग अगदी शारीरिक स्वरूपाचा. चित्रकाराला सतत कोणाला तरी उभे करून पाहावे लागते : अंगरखा ओढणारा हात कसा दिसतो, पडलेला माणूस कोपरावर कसा उठतो. आरशात हे पाहता येते, पण आरशातला माणूस स्वतःच चित्र काढत असल्याने त्याचा एक हात कायम अडकलेला असतो. आमच्या अक्षरलेखिकेने इतक्या वेळा जमिनीवर पडून दाखवले आहे की दोन वेगवेगळ्या मालिकांतील खलनायकांचे मरण तिच्याच खांद्यावरून आले आहे.

आता कटू भाग. मुदत जवळ आली की मदत मागितली जाते आणि ती दिली जाते. मी एका सहकाऱ्याच्या अंकातील सात पानांची पार्श्वभूमी दोन रात्रीत शाईने पुरी केली. अंक छापून आला तेव्हा श्रेयपानावर माझे नाव नव्हते. त्याने मुद्दाम गाळले नव्हते, तो विसरला होता. तरीही पुढचे काही महिने आमच्यातले बोलणे आखडले. त्यानंतर आम्ही भिंतीवर एक वही टांगली आणि कोणी कोणाचे किती केले ते त्याच दिवशी त्यात लिहू लागलो. पैसे द्यायचे की बदल्यात काम, तेही तेथेच. सामाईक जागा सुरू करू पाहणाऱ्या कोणालाही मी पहिले हेच सांगेन. भाड्याचा करार सगळे करतात. श्रेयाची वही कोणी ठेवत नाही.

पानोपानी

चर्चा वाचून आनंद झाला, तथापि एक शंका नोंदवतो. सुबोधपणा हा सामाईक खोलीचा परिणाम आहे हे कशावरून? धागाकर्त्यांनी उल्लेखिलेले बहुतेक कलाकार अनुभवी आहेत आणि एकट्याने काम करणारे असंख्य चित्रकारही तितकेच स्पष्ट काढतात. शिवाय आता पान डिजिटल पडद्यावर काढले जाते आणि क्षणात दुसऱ्या खंडातील मित्राला दाखवता येते. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांना रोज उठून स्टुडिओत जाणे शक्यच नसते. त्यांच्या कामात ही उणीव दिसते असे आपण म्हणणार आहात का? मला तसे म्हणवत नाही.

कोरा कागद

शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सुबोधपणात मिळणार नाही असे मलाही वाटते. त्यासाठी पॅरिसकडे पाहावे लागेल.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून प्लास द व्होज या जुन्या चौकात काही तरुण चित्रकारांचे एक सामाईक दालन होते. क्रिस्तोफ ब्लँ, दाव्हिद बे, एमील ब्राव्हो, एमानुएल गिबेर आणि जोआन स्फार तेथे बसत. १९९७ मध्ये गिबेर आणि स्फार यांचे एक पुस्तक आले, ब्लँ आणि दाव्हिद बे यांचे एक आले. म्हणजे जोड्या खोलीतच जुळत होत्या. दाव्हिद बे त्याच सुमारास आपल्या भावाच्या अपस्माराची आणि स्वतःच्या कुटुंबाची कथा सहा खंडांत सांगत होते, आणि आत्मकथन हा चित्रकथेचा गंभीर विषय होऊ शकतो हे त्या खोलीत रोज डोळ्यांसमोर सिद्ध होत होते.

याच खोलीत मार्जान सत्रापी आल्या. त्यांनी स्ट्रासबूर्गला चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, पण चित्रकथाकार त्या नव्हत्या. इराणमधल्या बालपणाच्या आठवणी त्या सांगत आणि सहकारी त्यांना ते चितारण्याचा आग्रह करत. त्या आठवणींच्या ‘पर्सेपोलिस’ या पुस्तकाचा पहिला खंड २००० साली लासोसिआसिओं या प्रकाशनाने काढला आणि त्याची प्रस्तावना दाव्हिद बे यांनी लिहिली. चौथा खंड २००३ मध्ये आला.

पानोपानी यांना माझे उत्तर एवढेच की चुकलेला अंगठा पडद्यावरूनही दाखवता येतो. पण जे पुस्तक काढण्याचा विचारच कोणी केलेला नाही, त्याची प्रतिमा कोठे पाठवणार? ते बोलण्यातून निघते, आणि तेही कामाविषयीच्या बोलण्यातून नव्हे. हात चालू असताना सहज निघालेल्या गोष्टींतून.

टाकदौत

हा प्रतिसाद वाचून मला माझे मूळ विधान बदलावे लागत आहे. मी परिणाम शोधत होतो तो पूर्ण झालेल्या पानावर, आणि खरा परिणाम त्याच्या कितीतरी आधी, कोणते पान काढायचे हे ठरताना, होत असावा. हेलिओस्कोपची यादी या दृष्टीने पुन्हा पाहिली तर मोठ्या प्रकाशकांच्या परिचित पात्रांशेजारीच मठातील अनाथ मुलगी, हसतमुख चोरटी आणि तीस वर्षे जपलेली स्वतःची नायिका असे किती तरी खाजगी हट्ट दिसतात. शेजारचा माणूस आपला हट्ट पुरा करतो आहे हे रोज पाहिल्यावर आपलाही हट्ट वेडेपणाचा वाटत नसेल.

‘अंडरग्राउंड’बद्दल लिहीन म्हटले होते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये हे पुस्तक कोणी तरी पूर्णच्या पूर्ण स्कॅन करून फोरचॅन या निनावी चर्चास्थळावर टाकले. लीबर यांनी तक्रार करण्याऐवजी तेथे जाऊन वाचकांशी गप्पा मारल्या, प्रश्नांना उत्तरे दिली, आणि त्यानंतर त्यांच्या संकेतस्थळावरील विक्री ठळकपणे वाढली. या घटनेचा उल्लेख चोरी आणि विक्री यांच्या संदर्भात नेहमी होतो. मला मात्र तिच्यात स्टुडिओत मुरलेली सवय दिसते. ज्याला आपले अपुरे पान रोज दुसऱ्यांना दाखवण्याची सवय आहे, त्याला अनोळखी वाचकांमध्ये जाऊन बसणे कमी अवघड गेले असावे. हा माझा तर्क आहे, तो तसाच घ्यावा.

पानोपानी यांचा घरी अडकून पडलेल्या चित्रकारांचा मुद्दा राहतो, आणि तो मला अस्वस्थ करतो. शाईचा हात, आपल्या जागेत याची काही सोय होती का?

शाईचा हात

पूर्ण सोय नव्हती, पण एक व्यवस्था हळूहळू बसली. आमच्या रंगकाराला मूल झाल्यावर तो वर्षभर येऊ शकला नाही. भाडे त्याने द्यावे असे आम्ही म्हटले नाही आणि त्याचे मेजही कोणाला दिले नाही. आठवड्यातून एका ठरलेल्या दुपारी आम्ही आमची पाने घेऊन त्याच्या घरी जात असू. मूल झोपलेले असेल तर कुजबुजत, जागे असेल तर त्याला मांडीवर घेऊन. दुरून पाठवलेल्या प्रतिमेवर तो ‘छान आहे’ एवढेच लिहीत असे; समोर कागद ठेवला की मात्र बोट ठेवून बोलत असे.

त्या वर्षी त्याने स्वतःची म्हणून पहिली कथा लिहिली, सोळा पानांची. आम्ही चौघांनी तिची शाई, अक्षरे आणि पार्श्वभूमी वाटून घेतली, आणि भिंतीवरच्या वहीत चारही नावे त्याच दिवशी लिहिली.